टोकदार कंसातली माणसं

आमच्या साप्ताहिकाला चार पानं होती. पहिल्यावर बातम्या, दुसऱ्यावर जाहिराती, तिसऱ्यावर मेलेली माणसं आणि चौथ्यावर माझं विनोदी सदर. अंक हातात पडला की लोक आधी तिसरं पान उघडत. ओळखीचं कोणी गेलेलं नसलं की जरा हिरमुसत आणि मग माझ्याकडे वळत. अशा हिरमुसल्या वाचकांना हसवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

मालक, संपादक आणि मुद्रितशोधक मिळून एकच होते, आप्पा. शाळेपासूनचे दोस्त. मी त्यांना अरे-तुरे करतो. इथे अहो-जाहो लिहितोय ते चारचौघांत बरं दिसावं म्हणून. ते मला विदूषक म्हणतात, आणि ते मात्र चारचौघांतही.

तिसऱ्या पानाचा एक कायदा होता. मजकूर सुधारायचा, नाव सुधारायचं नाही. त्याला कारण घडलं होतं. आमच्याकडे एक शिंपी होते. कोणी काहीही शिवायला टाका, 'दीड वार लागेल' म्हणायचे, म्हणून सगळे त्यांना दिडच म्हणत. ते गेले तेव्हा घरच्यांनी मजकुरात 'दिड' लिहून दिलं होतं. आप्पांनी व्याकरणाला जागून ते 'दीड' केलं. दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई अंक घेऊन कचेरीत उभ्या. म्हणाल्या, "आमचे ऱ्हस्व होते. दीर्घ कोण मेलं ते तुमचं तुम्ही बघा."

तेव्हापासून आप्पांनी कोणाच्या नावाला पेन लावला नाही.

दुसरी रीत कंसांची. पानावर आधी माणसाचं कागदोपत्री नाव येई आणि पुढे कंसात घरचं नाव. पण छपाईचे शिशाचे खिळे जुळवायच्या काळात आमचे गोल कंस झिजून गेले होते आणि नवे आणायचं आप्पांच्या जिवावर आलं. पेटीत टोकदार कंस मात्र चिक्कार होते. कोणा गणिताच्या मास्तरांचं पुस्तक छापायचं म्हणून आणलेले. मास्तरांचा उत्साह मावळला, कंस राहिले. 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठा' या खुणा होत्या त्या. जुळाऱ्याने त्यांच्या मधोमध माणसं बसवली. पुढे खिळे गेले, जुळारी गेला, संगणक आला, पण लोकांना सवय झाली होती. आमच्या वाचकांना वाटे, घरचं नाव टोकदार कंसातच लिहायचं असतं, तसं व्याकरणच आहे. लग्नाच्या आमंत्रणावरसुद्धा लोक तसं लिहू लागले.

घरचं नाव विचारायचं काम मामीचं. मामी म्हणजे आप्पांची बायको. भाच्याची मामी, म्हणून सगळ्यांची मामी. कचेरीतला फोन ती घेई. कोणी तरी रडत किंवा रडू आवरत, तारीख आणि वय सांगत असे. मामी सगळं लिहून घेई आणि शेवटी विचारी, "आणि त्यांना घरी काय म्हणायचे?"

या प्रश्नावर पलीकडे हमखास शांतता पसरे. तारखेला न रडलेली माणसं इथे रडत. मामी रिसीव्हर कानाला धरून बसून राही. चहा निवून जाई. आप्पा खुणा करत, आटप, आटप. ती हात हलवी. फोन ठेवल्यावर आप्पा म्हणत, "एवढा वेळ कशाला बसलीस?"

"उगीच," मामी म्हणे.

तिचं कशालाही हेच उत्तर. खिडकी का उघडलीस? उगीच. कुठे निघालीस? उगीच. मी एकदा विचारलं होतं, "मामी, तुम्ही आप्पाशी लग्न का केलंत?" तिने आप्पांकडे जरा वेळ पाहिलं, खरोखर विचार केला, आणि म्हणाली, "उगीच." तेव्हापासून तिचं टोकदार कंसातलं नाव तेच.

वेबसाइट आणली भाच्याने. तो दुसऱ्या गावी नोकरी करतो, संगणकातली. तिसरं पान वेबसाइटवर टाकायचं, खाली एक चौकट ठेवायची, लोकांनी तिथे आपलं नाव आणि दोन शब्द लिहायचे. त्यासाठी लागणारं तयार सॉफ्टवेअर मिळतं. मजकूर चढवणं, उतरवणं, पानं लावणं, सगळं तेच करतं. पहिल्याच आठवड्यात नळदुरुस्तीवाले वारले. नळदुरुस्तीवाल्यांना सगळे गळती म्हणत. पण वेबसाइटवर कागदोपत्री नाव आलं आणि पुढे काहीच नाही. त्यांची बायको आली.

"आमच्या गळतीला कोणी खाल्लं?"

भाचा त्या दिवशी सुट्टीवर आलेला होता, त्याला बोलावणं गेलं. तो म्हणाला, "मामा, या सॉफ्टवेअरला दोनच गोष्टी कळतात. दाखवायचं काय आणि करायचं काय. टोकदार कंसात येतं ते करायचं, म्हणजे हुकूम. बाहेरच्या कोणी हुकूम लिहू नये म्हणून एक गाळणी असते. ती कंसासकट आतलं सगळं काढून टाकते."

"म्हणजे गळतीला हुकूम समजली?" आप्पा.

"हो."

"जन्मभर त्याचं घरात कोणी ऐकलं नाही," मी म्हणालो, "आणि यंत्र बघा, लगेच उभं राहिलं."

"विदूषका, गप्प बस. भाच्या, गाळणी काढ."

"मामा, मजकुराची नाही काढता येणार."

"मजकुराची नको काढू. मजकूर आपण सुधारतोच. नावाची काढ. आपल्याकडे नावाला हात लावत नाहीत."

"आणि नावाच्या जागी कोणी खरंच हुकूम लिहिला तर? जो कोणी ते पान उघडेल त्याच्या संगणकावर तो चालेल. तुमच्यावर चालला तर तुमच्या अधिकाराने चालेल."

"नावाच्या जागी माणूस नाव लिहितो. कुठल्या जगात राहतोस तू?"

"याच जगात राहतो, मामा. म्हणून तर सांगतोय."

मामी फोनजवळ बसली होती. म्हणाली, "काढ रे बाबा. ती बाई मघापासून उभी आहे."

भाच्याने गाळणी काढली. गळती दिसायला लागली. बाई घरी गेल्या. जाताना भाचा एवढंच म्हणाला की सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते तिच्यात कंस दिसतील पण चालणार नाहीत अशी सोय असते. ती आली की घेऊ. ती आली. पानाच्या माथ्यावर पिवळी पट्टी येऊन बसली: नवी आवृत्ती उपलब्ध, सुरक्षेच्या त्रुटी दूर केल्या आहेत. ती घेतली तर तिसऱ्या पानाची मांडणी पुन्हा करावी लागणार होती. "उपलब्ध आहे ना," आप्पा म्हणाले, "मग कुठे पळून जातेय?" पट्टी तशीच राहिली. पुढे पुढे आम्हाला ती वेबसाइटचा भाग वाटायला लागली.

मग मामी आजारी पडली. आजार सांगण्यासारखा मोठा नव्हता आणि फार टिकलाही नाही, कारण मामी टिकली नाही. तिचा मजकूर आप्पांनी स्वतः लिहिला आणि स्वतःच तपासला. फोन करून घरचं नाव विचारायला कोणी नव्हतं. त्यांना माहीत होतं.

आप्पांनी तोवर संगणकाला हात लावलेला नव्हता. जुळारी गेल्यावर मजकूर टाइप करायलाही मामीच बसे. आता ते शिकले. सकाळी कचेरी उघडायची, तिची खुर्ची पुसायची, आपल्या खुर्चीत बसायचं आणि तिचं पान उघडायचं. भाच्याने त्यांना सर्वाधिकारी करून पासवर्ड संगणकातच भरून ठेवला होता, म्हणजे म्हाताऱ्याला त्रास नको. खाली लोक लिहीत होते. रोज एखाद-दोन. सह्या सगळ्या टोकदार कंसात, कारण मामीने त्यांना त्याच नावाने ओळखलं होतं. पाच मिनिटं, म्हणजे घड्याळजी. त्यांच्याकडे टाकलेलं घड्याळ वर्षाने मिळे. चूप, म्हणजे ग्रंथपाल बाई. काडी, म्हणजे आमच्यातला सगळ्यात जाडा माणूस.

"वडील गेले तेव्हा मामींनी घरचं नाव विचारलं. आम्हा भावंडांना ते माहीतच नव्हतं. आईला विचारलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली."

"तुम्ही फोनवर रडला नाहीत म्हणून मला रडता आलं."

आप्पा मला मोठ्याने वाचून दाखवत. मग चष्मा पुसत. "हे मला काहीच माहीत नव्हतं रे. मी समोर बसून आटप, आटप करत होतो."

साप्ताहिक बंद करायचं त्यांनी त्याच दिवसांत ठरवलं. मामीच्या पहिल्या वर्षश्राद्धाला शेवटचा अंक. त्यात बातम्या नाहीत, जाहिराती नाहीत, माझं सदर तर नाहीच. चारही पानं या संदेशांची, आणि प्रत्येकाखाली लिहिणाऱ्याचं घरचं नाव. माणूस तोंडाने बायकोची माफी मागायला लाजतो. आप्पा चार पानांत मागणार होते.

एका सकाळी मी गेलो तर ते पडद्याला नाक लावून बसलेले.

"हा बघ. 'खूप दुःख झालं' असं लिहिलंय आणि खाली नाव नाही."

"विसरला असेल."

"चौकट नावाशिवाय पुढे जाऊच देत नाही. काही तरी लिहिलंय त्याने, पण दिसत नाही." त्यांनी पान बंद केलं, पुन्हा उघडलं. "निनावी मजकूर आपण छापत नाही. कोण आहे कळायला हवं." पुन्हा बंद, पुन्हा उघडलं. आप्पांचा हा स्वभाव, दार वाजलं आणि कोणी दिसलं नाही तर चार वेळा उघडून बघतील.

दुःख कोणालाच झालं नव्हतं. नावाच्या चौकटीत टोकदार कंस होते आणि कंसात हुकूम. आप्पा दर वेळी पान उघडत, दर वेळी तो त्यांच्या अधिकाराने, त्यांच्या पासवर्डने, त्यांच्याच हातून चालत होता. लिहिणाऱ्याला मामी कोण हे ठाऊक नव्हतं. भाचा तर म्हणाला, तो बहुतेक माणूसही नसेल. घरोघर कड्या हलवत फिरणारा प्रोग्राम. आमची उघडी लागली.

दुपारपर्यंत वेबसाइटच्या प्रत्येक पानावर रंगीत पाटी लागली होती. मृताचा फोटो, जन्म, मृत्यू, आणि त्यावर नाचरी अक्षरं: "अभिनंदन! आपली निवड झाली आहे. येथे दाबा."

लोकांनी दाबलं. साप्ताहिक खोटं बोलत नाही अशी त्यांची खात्री होती. आपल्या घरी कोण मेलं हेसुद्धा ते आमच्याकडे वाचून पक्कं करत. पुढच्या चौकटीत ई-टपालाचा पासवर्ड मागितला, तोही दिला. ग्रंथपाल बाई, ज्यांनी उभ्या आयुष्यात आवाज चढवला नव्हता, त्यांच्या नावाने सगळ्या ओळखीच्यांना अभिनंदनाचे संदेश गेले. ज्यांच्या घरी त्याच आठवड्यात माणूस गेलेला, त्यांनाही. काडींची सगळी जुनी छायाचित्रं ई-टपालाच्या पेटीसकट गेली. त्यात त्यांचं बारीकपणीचं एकमेव होतं. आता कोणाचा विश्वास बसत नाही.

संध्याकाळी मामीचं पान उघडायला गेलं की आधी लालभडक पडदा येऊ लागला: सावधान, पुढील पान फसवे आहे.

आप्पा त्या पडद्याकडे पाहत बसले. "तिला आजवर असं कोणी म्हटलं नव्हतं."

भाचा रजा काढून आला. तो येईपर्यंत, ज्या कंपनीच्या यंत्रावर आमची वेबसाइट भाड्याने राहते, तिने आपली साफसफाई उरकली होती. तीही यंत्रानेच. नावांच्या सगळ्या चौकटींतून टोकदार कंस आणि त्यांच्या आत जे जे होतं ते सगळं पुसून टाकलेलं. हुकूम गेला. पाच मिनिटं गेली, चूप गेल्या, काडी, गळती, सगळे गेले. मामीच्या नावापुढे रिकामी जागा. संदेश जसेच्या तसे, आणि त्यांच्याखाली कोणीच नाही.

"बॅकअप असतो ना?" मी विचारलं. एवढा शब्द मला येत होता.

"आहे," भाचा म्हणाला. "पण काका, त्या बॅकअपमध्ये मामी जिवंत आहे."

आप्पा खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले आणि परत आले.

"म्हणजे तो लावला तर?"

"तिचं पान नसेलच. संदेशही नसतील. ती गेली असं कुठेच नसेल."

आप्पांनी विचार केला. बराच केला. माझी खात्री आहे, त्यांच्या मनात एकदा तरी आलं असणार की लाव.

"नको," ते म्हणाले. "खोटं छापायचं नाही. नवी आवृत्ती घे."

ती पळून गेली नव्हती. भाच्याने दोन दिवस बसून ती घेतली, मांडणी पुन्हा केली. आता टोकदार कंस दिसत आणि चालत नसत. मृतांची नावं जुन्या अंकांतून परत लावता आली. मामीच्या नावापुढे 'उगीच' पुन्हा आलं. पण संदेशांखालच्या सह्या कुठल्याच अंकात नव्हत्या, कोणती कुठल्या संदेशाखाली होती ते आम्हा म्हाताऱ्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि निनावी छापायचं नाही हा आप्पांचाच कायदा.

शेवटून दुसऱ्या अंकात त्यांनी दोन चौकटी छापल्या. डावीकडे विनंती: मामींना संदेश लिहिणाऱ्यांनी कृपया आपलं घरचं नाव कचेरीत कळवावं. उजवीकडे, ठळक अक्षरांत, सूचना: आमच्या नावाने कोणीही तुमचं नाव किंवा खाजगी माहिती विचारल्यास मुळीच देऊ नये. दोन्ही त्यांनी स्वतः लिहिल्या, स्वतः तपासल्या. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नव्हती. शेजारी शेजारी छापल्यावर मला दिसलं, पण तोवर अंक घरोघरी गेला होता.

आमचे वाचक आज्ञाधारक. त्यांनी दोन्ही वाचल्या आणि जी ठळक होती ती पाळली.

कचेरीत येऊन गेले ते मोजके. मी माझी सही पुन्हा केली. घड्याळजी आले, अर्थात उशिरा, आणि "मी काय लिहिलं होतं ते आठवत नाही, पण चांगलं होतं," म्हणाले. 'तुम्ही रडला नाहीत म्हणून मला रडता आलं' हा संदेश आपलाच, असं सांगणारे तिघं आले. एकमेकांना ओळखत नसलेले. आप्पांनी तिघांची नावं लिहून घेतली. मी म्हणालो, "अरे, दोघं तरी खोटं बोलतायत." ते म्हणाले, "नसतील. तिघांशीही ती तशीच बोलली असेल."

बाकीच्यांना त्यांनी फोन करायचं ठरवलं. मामीच्या खुर्चीत बसले. आधी तिथे बसायला धजत नव्हते. फोनची तार दुसरीकडे पोचत नव्हती म्हणून बसले. समोर संदेश उघडायचा, कोणाचा असेल याचा अंदाज करायचा आणि फोन लावायचा.

"नमस्कार, साप्ताहिकातून बोलतोय. तुम्हाला घरी काय म्हणतात?"

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज मला इकडे ऐकू येई.

"हळू विचार," मी सांगितलं. "एकदम नावावर जाऊ नकोस. ती आधी वय विचारायची, तारीख विचारायची."

"तारीख विचारू? कशाची?"

ते खरंच होतं. या माणसांकडे कोणी मेलं नव्हतं. आमच्याकडे मेलं होतं.

कोणी म्हणालं, आम्ही तक्रार करू. एका सद्गृहस्थांनी आप्पांना आप्पांचीच सूचना फोनवर वाचून दाखवली, ठळक अक्षरं ठळक आवाजात, आणि वर म्हणाले, "असे चोर आहेत म्हणून बिचारे आप्पा खचले." आप्पांनी त्यांचे आभार मानले.

दिवस संपत आले. शेवटच्या अंकाची पानं जुळवायला घ्यायची वेळ झाली आणि पानभर सह्यासुद्धा नव्हत्या. त्या दिवशी दुपारी त्यांनी एक संदेश पुन्हा उघडला: "तुम्ही माझ्यासाठी तो परत आणलात." फक्त एवढाच. कोणाचा, ते आम्हाला तोवर ओळखता आलं नव्हतं. आप्पा तो पुन्हा पुन्हा वाचत राहिले आणि एकदम म्हणाले, "अरे, ती गाळणी. 'ती बाई मघापासून उभी आहे' म्हणून हिनेच काढायला लावली ना?" आणि नळदुरुस्तीवाल्यांच्या घरी फोन लावला. त्यांनी रिसीव्हर जरा लांब धरला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"कोण?"

"साप्ताहिकातून."

"आम्हाला कोणाला काही सांगायचं नाहीये. त्यांनी छापलंय तसं."

"बाई, ते मीच छापलंय. मी आप्पा."

"सगळे तेच म्हणतात." पण तिने फोन ठेवला नाही. बहुतेक आवाज ओळखीचा वाटला असावा. "काय हवंय?"

"तुम्ही आमच्या हिच्यासाठी काही लिहिलं होतं का? खाली कोणतं नाव घातलं होतं, तेवढंच विचारायचंय."

पलीकडे शांतता पसरली. ती मला माहीत होती. किती तरी वर्षं समोर बसून ऐकलेली. आप्पांनी आटप, आटप केलं नाही. रिसीव्हर कानाला लावला आणि बसून राहिले. चहा निवत होता.

मग बाईंचा आवाज आला, घट्ट, सावध. "तुम्ही खरेच आप्पा असाल, तर तुम्हीच सांगितलंत ना, कोणी विचारलं तर देऊ नका म्हणून?"

"हो."

"मग परत विचारता कशाला?"

आप्पांनी उत्तर शोधलं. अंकाचं सांगावं, कायद्याचं सांगावं, सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

"उगीच," ते म्हणाले.

आणि फोन ठेवला, अगदी हळू, मामीसारखा. शेवटचा अंक निघाला नाही.